दात दाखवून हसायचं

१२ ऑगस्ट २००६, शनिवार

डावा पाय आजही कमरेच्या वर गेला नाही! उजवा जातो. डावा अर्ध्यात थांबतो आणि थरथरतो. बारा वर्षं कथ्थक केलं म्हणून नागपुरात किती मिरवायचे मी. पण तिथे पाय जमिनीवर आपटायचे असतात, कानाला लावायचे नसतात. इथल्या बावीस-बावीस वर्षांच्या पोरी गप्पा मारता मारता पाय डोक्याच्या वर नेतात आणि वर च्युइंगम चघळतात.

क्लास आमच्या अर्विंगमध्येच आहे, ड्रायक्लीनरच्या शेजारी. शिकवणारी ट्रेसी. स्वतः दहा वर्षं चिअरलीडर होती, आता गुडघ्याला पट्टा बांधून शिकवते. शहराच्या इनडोअर फुटबॉल टीमसाठी चिअरलीडर्सचं नवं स्क्वॉड निवडणार आहेत. ती टीव्हीवरची मोठी टीम नव्हे, ही छोटी, हॉलमध्ये खेळणारी. तरी व्यावसायिकच. ऑडिशन ऑक्टोबरात.

माझं वय एकोणतीस आहे म्हटल्यावर ट्रेसीने मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "चेहरा आहे तुझ्याकडे. पाय आणू आपण कुठून तरी."

केदारला जेवताना सांगितलं. घास हातातच राहिला. "ग्रीन कार्ड आलं, आता काय हवं ते कर म्हणालो होतो मी. पण यार उल्का... चिअरलीडिंग?" मग बराच वेळ आमटी ढवळत बसला. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं! हा माणूस घराला आग लागली तरी बरं म्हणेल.

१५ ऑगस्ट

मांड्या इतक्या दुखतायत की कमोडवर बसताना ओरडले. केदार बाहेरून — "काय झालं?" काय सांगू, कपाळ!

२७ ऑगस्ट, रविवार

मंडळाचा गणपती. शाळेचा हॉल, थर्मोकोलचं मखर, मोदकांना रांग. मी निळी पैठणी नेसले होते. जायचं नव्हतं, पण केदार म्हणाला, "किती दिवस टाळणार?"

मंडळातल्या वीणाला सातवा महिना लागलाय. मी जवळ गेले तसा तिच्याभोवतीच्या चारही बायकांचा आवाज खाली आला. मला आता हे सवयीचं झालंय. मी आले की बायका एकदम मोदकांच्या पारीबद्दल बोलायला लागतात. तेवढ्यात वीणाचा आर्य धावत आला आणि म्हणाला, "उल्का मावशी, हाउ कम यू डिडन्ट कम टू आवर पार्टी? मॉम सॅट ऑन अ स्विंग!"

झोपाळ्यावर. म्हणजे डोहाळजेवण. गेल्या रविवारी झालं, सगळ्यांना बोलावलं होतं, मला सोडून. वीणाने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते, वाईट बाई नाहीये ती. "अगं, तुला त्रास होईल म्हणून गं... गैरसमज नको करून घेऊस."

मला त्रास होईल म्हणून! की माझी सावली नको म्हणून? हसले आणि म्हणाले, "छे गं, त्यात काय." गाडीत बसल्यावर पदर दातात धरून रडले. केदार गाडी चालवत राहिला. सिग्नलला थांबला, सिग्नल सुटला, निघाला.

मला मुलगी झाली होती. गेल्या वर्षी मार्चमध्ये, फार लवकर झाली. पहिल्या पंधरवड्यातच गेली. हे इथे लिहायला मला दीड वर्षं लागलं.

ट्रेसीच्या क्लासमध्ये हे कुणालाही माहीत नाही. म्हणून तर जाते! तिथे मी फक्त ती इंडियन, जिचा डावा पाय वर जात नाही. पोरी मला हसतात, चिडवतात, माझ्या डब्यातल्या चकल्या पळवतात. मला बघून तिथे कुणी आवाज खाली करत नाही. मला त्या स्क्वॉडमध्ये जायचंच आहे. नाच, टाळ्या, ते हातातले झिरमिळ्यांचे पॉमपॉम — सगळं ठीक आहे, पण मला ती जागा हवीय. जिच्या बाबतीत काहीच घडलेलं नाही अशी बाई व्हायचंय मला.

४ सप्टेंबर, सोमवार

लेबर डेची सुट्टी. गॅरेजमधून गाडी बाहेर काढून केदारने तिथे जागा करून दिली. व्हिडिओ कॅमेरा घेऊन स्टुलावर बसला आणि मोजायला लागला. "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट." मी मनात धा धिं धिं धा म्हणते, त्याशिवाय मला समच सापडत नाही. तो न कंटाळता मोजत होता. मी चुकले की रिवाइंड करून दाखवायचा. "इथे बघ, हात उशिरा येतोय."

चांगला आहे. आणि मला त्याचा इतका राग येतो!

मुलगी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी हा ऑफिसला गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. मी विसरलेले नाही. तेव्हापासून त्याच्या तोंडून एक शब्द नाही. "ती" सुद्धा म्हणत नाही. "ते सगळं" म्हणतो. "ते सगळं झालं त्याच्या आधी आपण कॅमेरा घेतला होता ना?" असं. जणू नळ गळत होता, प्लंबर येऊन गेला.

नऊ महिने त्याच्या पोटात थोडीच होती. माझ्याही नव्हती म्हणा, सहाच.

९ सप्टेंबर

आज फक्त हसणं. पूर्ण तास! ट्रेसी आरशासमोर उभं करून ओरडत होती, "टीथ, हनी, टीथ!" पाय चुकला तर कुणी बघत नाही, चेहरा पडला तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतो. दम लागला तरी दात दिसले पाहिजेत. पडलीस तरी. हरत असलो तर जास्तच.

कथ्थकच्या बाई म्हणायच्या, आत आल्याशिवाय चेहऱ्यावर आणू नकोस, खोटं लगेच कळतं. इथे आत काही असायची गरजच नाही. हे मला फार आवडलं. गाल अजून दुखतायत. भाजी चिरताना हसून बघितलं, येतं.

१८ सप्टेंबर

डावा पाय खांद्यापर्यंत गेला! ट्रेसी लंगडत येऊन मला मिठी मारून गेली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन केदारला करून दाखवला तेव्हा कोपऱ्यातला दिवा पडला. तो खरंच हसला. मीही. मग दोघंही एकदम गप्प झालो, कुणी तरी बघेल असं वाटल्यासारखे.

२३ सप्टेंबर, शनिवार

घटस्थापना. सकाळी घट बसवले आणि दुपारी मॉलमध्ये ऑडिशनचे कपडे घ्यायला गेले. आईला कळलं तर!

चोळीएवढा टॉप आणि खाली चड्डीएवढी चड्डी. पोट पूर्ण उघडं. त्याची लाज वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटली. पण चड्डी इतकी खाली बसते की सिझेरियनचा व्रण वरून डोकावतो. बोटभरच. ट्रायल रूमच्या त्या पांढऱ्या दिव्यात लख्ख दिसला.

ट्रेसीला फोन केला. विचारलं, एक जुना व्रण आहे, काय करू. कसला ते तिने विचारलं नाही. "स्वीटी, प्रत्येकीचं काही ना काही झाकलेलं असतं," म्हणाली, आणि कुठलं कन्सीलर घ्यायचं ते सांगितलं. घामाने न जाणारं.

मेकअपच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्या रंगाच्या तीन डब्या मिसळून दिल्या. घरी येऊन लावलं. एक थर, वर पावडर, परत एक थर. गेला. बोट फिरवलं तर लागतो, दिसत नाही.

बराच वेळ आरशासमोर उभी होते. ती इथे होती याची माझ्या अंगावर तेवढीच एक खूण आहे. रात्री घासून घासून धुतलं.

७ ऑक्टोबर, शनिवार

पहिली फेरी. जिमच्या बाहेर दीडशे पोरी, हेअरस्प्रेचा नुसता धूर. छातीवर नंबर — एकेचाळीस. दोन वेळा नाचून दाखवायचं. पहिल्यांदा एक गिरकी उलटी झाली. दात दाखवले. दुसऱ्यांदा सगळं आलं, डावा पाय सुद्धा!

संध्याकाळी नंबर वाचले. एकेचाळीस म्हटल्यावर मी तिथेच खाली बसले. शेजारची केली, दाताच्या डॉक्टरकडे काम करते ती, तिचाही नंबर लागला. ती मला उठवून गोल गोल फिरली. केदार पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर कोपरं टेकून उभा होता. मी लांबून चार बोटं आणि मग एक बोट दाखवलं. त्याने दोन्ही हात वर केले.

सबंध दिवसात एकदाही तिची आठवण आली नाही. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

फायनल.

नाच उत्तम झाला. त्याबद्दल काही लिहावंसं वाटत नाही.

मग इंटरव्ह्यू. लांब टेबलामागे पाच जण, मी समोर खुर्चीत, गुडघे जोडून. फुटबॉलचे प्रश्न आले, टेक्सासमध्ये काय आवडतं ते झालं. मग मधली बाई, मोत्यांचे कानातले, गोड चेहऱ्याची — तिने विचारलं, "आयुष्यात तू केलेली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती?"

मला माहीत होतं. लगेच. नर्सने विचारलं होतं, तुम्हाला बाळाला शेवटचं घ्यायचंय का, आणि मी नको म्हणाले होते. माझ्याने होणार नव्हतं.

आणि मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ड्रायव्हिंग टेस्ट! चार वेळा नापास झाले. तिसऱ्या वेळी तपासणारे साहेब रस्त्यातच गाडीतून उतरले."

पाचही जण हसले. एकाने टेबलावर हात आपटला. मोत्यांवाल्या बाईने डोळे पुसले हसून. मीही हसले. सगळे दात दाखवून.

१५ ऑक्टोबर

झोप नाही. केदारला सांगितलं डोकं दुखतंय.

जिच्या बाबतीत काहीच घडलं नाही अशी बाई व्हायचं होतं ना? झाले की! पाच माणसांसमोर झाले. वीणाने मला डोहाळजेवणाला बोलावलं नाही म्हणून मी किती जळफळाट केला. वीणाने निदान ती झाली होती हे तरी मानलं. मी तिला पुसून टाकलं आणि वर विनोद केला.

आणि माफी मागायची तर कशी? तिला नावच नाही. बारशासाठी थांबलो होतो आम्ही. केदारची बहीण, पद्मिनीताई, नागपूरहून यायची होती. आत्याने कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं, रीतसर. तिचं तिकीट सुद्धा काढलेलं होतं. काचेच्या पेटीवर चिठ्ठी होती — बेबी गर्ल पाठक. नर्स रोज विचारायची, नाव काय ठेवलं? आम्ही सांगायचो, आमच्याकडे बाराव्या दिवशी ठेवतात. ती म्हणायची, किती छान.

बारावा दिवस आलाच नाही. मनात हाक मारायची तरी काय म्हणून मारू? बेबी गर्ल? त्या काचेच्या खोलीत चौदा बेबी गर्ल होत्या.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रेसीचा फोन. निवडले गेले! चोवीस जणींत मी. सोमवारपासून प्रॅक्टिस. "त्यांना तू फार आवडलीस. ती ड्रायव्हिंग टेस्ट!" — ट्रेसी फोनवरच हसत होती.

केदार ऑफिसातून येताना इंडियन ग्रोसरीतून पेढे घेऊन आला. देवापुढे ठेवले, मग एक माझ्या तोंडाशी धरला. मला तोंड उघडवेना. म्हणाला, "काय झालं?" आणि मी सगळं सांगितलं. प्रश्न, टेस्ट, ती माणसं कशी हसली, मी कशी हसले. मुलगी हा शब्द मोठ्याने म्हणाले. "आपली मुलगी" म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदा. "तुझं बरं आहे," म्हणाले, "तू तिसऱ्या दिवशी मोकळा झालास."

त्याने पेढा परत पुड्यात ठेवला. हात पुसले. उठून गॅरेजमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

झालं. पळाला.

१८ ऑक्टोबर

केदार आज ऑफिसला गेला नाही. चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागला. म्हणाला, "तू नको म्हणालीस ना, म्हणून मी घेतलं तिला. सगळ्या नळ्या काढून दिली त्यांनी माझ्याकडे. दुपार होती, तुला इंजेक्शनने झोप लागली होती. अजून श्वास चालू होता तिचा. बिनानावाची कशी जाऊ देऊ? कानात सांगितलं मी. आत्याचा मान असतो, तुला विचारायला हवं होतं. म्हणून बोललो नाही. तू कधी विचारलंस तर सांगणार होतो." चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला नाही, मी केला.

मी विचारलं.

सोमवारी प्रॅक्टिसला जाणार आहे. कुणी विचारलं तर आता सांगता येईल. मला एक मुलगी झाली होती. रेवा.