बाहेरचे इसम

सर, आमच्या वाडीतली अकरा नावं पोलिसांच्या यादीत चुकीची गेली आणि त्या यादीखाली सही माझी आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. तरी चूक झाली की अजून तुम्हीच आठवता, याचाही मला राग येतो.

आमच्याकडे किनारा सुरक्षा समिती आहे. मी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. समुद्रातून काय येऊ शकतं हे किनाऱ्यावरच्यांना कोणी शिकवायला नको. हे काम हवंच, असं मला आजही वाटतं. तर पोलीस ठाण्यातून पत्र आलं : वाडीतल्या बाहेरच्या इसमांची यादी द्या. म्हणजे होड्यांवर नव्याने आलेले खलाशी, नवे भाडेकरू. पण आपल्या रत्नागिरीत 'मुलगा बाहेर असतो' याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. दुबई, नाहीतर कुवेत. आमच्या सेक्रेटरींनी मोहल्ल्यातले, आखातात नोकरी करणारे अकरा जण लिहून आणले, मी सही केली आणि यादी गेली.

महिन्याभराने शेजारची चाची दारात उभी. मुलाचा पासपोर्ट नव्याने करायला दिलेला, तो पोलीस पडताळणीत अडकला. पंधरा दिवसांत कामावर हजर झाला नाही तर नोकरी जाणार. म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेत बाराखडी गिरवलीन त्याने. तो बाहेरचा कधी झाला?" चहालाही थांबली नाही.

सेक्रेटरींना बोलावलं. "खलाशी कुठायत यादीत?"

"ते इथेच असतात की, मॅडम. होडीवरच झोपतात. ते बाहेरचे कसे?"

"बरं. तुमचे जावई मस्कतला असतात. त्यांचं नाव?"

"आता काय तरीच! ते घरचे ना?"

हसावं की रडावं कळेना. म्हणजे चूक नुसती शब्दाची नव्हती. होडीवर कोण चढतं त्याची नोंद नाहीच, आणि अनोळखी होडी दिसली की ज्या मोहल्ल्यातून पहिला फोन यायचा, तोच आता आपण संशयात घातला. उद्या तिथून कोण फोन करील? ठाण्यातल्या साहेबांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "देशाच्या सुरक्षेसाठी थोडा त्रास सोसायला हवा, मॅडम."

सर, हे वाक्य माझं होतं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तुम्हाला दिलेल्या निबंधात मी अगदी असंच लिहिलं होतं आणि शाबासकीची वाट पाहत होते. तुमच्या खोलीत मी उभी आहे, खिडकीतून मासळीचा वास येतोय, तुम्ही वही माझ्याकडे सरकवता. समासात लाल शाईने लिहिलंय : 'कोणी सोसायचा? नाव लिहा.' मी म्हणते, "सर, हे सर्वसाधारण विधान आहे." तुम्ही चष्मा काढता. "ज्याला सोसावं लागतं तो कधी सर्वसाधारण नसतो. वाक्यात माणूस घाला आणि पुन्हा आणा." मी पुन्हा आणलंच नाही. चार गुण गेले, ते जाऊ दिले. तुमच्यावर वर्षभर चिडून होते.

आता नावं लिहायची वेळ आली ती अशी. तीन दिवस घरोघर आणि जेटीवर फिरले, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले, कोणाचा धर्म विचारला नाही.

आज दुपारी ठाण्यात दिलं ते असं : जुनी यादी रद्द करण्याचा अर्ज, एक. खलाशी आणि नव्या भाडेकरूंची नवी यादी, प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेली, चार पानं. चाचीच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्याची प्रत, एक. माझं निवेदन, एक पान. चष्मा घरी राहिल्यामुळे यादी न वाचता सही केली, असं त्यात म्हटलं आहे. सगळ्याची शिक्क्यासह पोच घेतली.

चष्मा पर्समध्येच होता, सर. एवढं मात्र ठाण्यात दिलेलं नाही.