पहिल्या भागापासून

प्रिय ठमे,

तुझं चार पानी पत्र पोचलं. मी विचारलं होतं एका ओळीत, की ती सतरंजीवाली पुस्तकं कुठून सुरू करायची, आणि तू अख्खं प्रवचन झोडलंस. पहिल्या दोन भागांत लेखकाचा हात बसलेला नाही, थेट तिसरा घे, आवडला तर मागे ये, आणि शेवटच्या भागांना इतक्यात हात लावलास तर याद राख. शाळेत असताना तू ती वाचून खिदळायचीस आणि मी वैतागायचो. उंचीला घाबरणारी उडती सतरंजी, आणि तिला गोंजारून हवेत न्यायला ठेवलेला पगारी राक्षस, ही काय वाचायची गोष्ट आहे? मी तेव्हा नुकता लिफ्टच्या कामाला लागलो होतो, उंचीची थट्टा मला खपायची नाही.

इथे वॉर्डात ती सगळी मालिका आहे. पुस्तकांची गाडी ढकलत एक मावशी येतात, त्या गाडीचा खालचा खण त्याच पुस्तकांनी भरलाय. मावशींचा नियम एकच, पुस्तक वॉर्डाबाहेर जाणार नाही. घरी सोडलं की अर्धं वाचलेलं असलं तरी परत द्यायचं. त्यामुळे नवा माणूस वर्तमानपत्र मागतो, फार तर एखादी पातळशी रहस्यकथा. खालच्या खणातला पहिला भाग जो मागतो, त्याचा मुक्काम आता हलत नाही हे सगळ्यांना कळतं. मावशीसुद्धा ते पुस्तक आपणहून कुणापुढे धरत नाहीत.

मी आलो तेव्हा कसा होतो ते तू पाहिलंयस. लिफ्टच्या पोकळीत दोन मजले कोसळलेला, पण तोंड शाबूत. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरने विचारलं, काय वाचणार? मी म्हणालो, पाय हलले की मी निघालो, एवढं रामायण वाचायला मी काय इथे तंबू ठोकलाय? तो अकराव्या भागात होता. त्याने पान उलटलं. पलीकडचा पोस्टमन त्याच्याही पुढे आहे आणि पुढचं सांगून टाकीन अशी त्याला सारखी धमकी देतो. मधेच दोघं हसत सुटतात. छातीपासून वर हसतात, कमरेखाली काही हलत नाही. मला ते हसणं ऐकवायचं नाही. मी उशी कानावर दाबून पडायचो आणि मनात म्हणायचो, मी यांच्यातला नाही.

व्यायामाच्या बाई रोज माझे पाय उचलतात, वाकवतात, सरळ करतात. कुणा तिऱ्हाइताचे पाय असावेत तसा मी बघत राहतो. जन्म मशीन दुरुस्त करण्यात गेला ना, त्यामुळे वायर कुठेतरी तुटलीय, सापडली की जोडू, हेच डोक्यात. एकदा अंगठा हलला म्हणून मी बाईंना ओरडून बोलावलं. चादर सरकली होती. बाई बिचाऱ्या चादर नीट करून गेल्या, आणि मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवलो नाही.

तू दर पत्रात शेवटी जाता जाता लिहितेस, पूल बांधणाऱ्या त्या कंपनीला कळवलंय, दादा चालायला लागला की तिकडे येऊन नोकरीवर रुजू होते. ते थांबतील म्हणतेस. डोंबल थांबतील. आणि आई तुझ्याकडून लिहवून घेते की खोली झाडून ठेवलीय, चौथ्या मजल्यावर चढवायचं कसं ते बघू मागाहून. दुनियेला वरखाली नेण्यात माझी हयात गेली आणि आपल्या जिन्याला लिफ्ट नाही.

आता खरं सांगतो. तुला ती एक ओळ लिहिली, त्याच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर आले होते. ते नेहमी उभ्या उभ्या बोलतात, त्या दिवशी स्टूल ओढून बसले. पाय परत येणार नाहीत म्हणाले. मी विचारलं, वर्षाने? दोन वर्षांनी? त्यांनी नुसती मान हलवली. मी खूप रडलो, ठमे, आवाज करून रडलो. पोस्टमनने नर्सला पडदा ओढायला लावला. तुला कळवायचं म्हणून कागद घेतला, पण हात पुढे जाईना, तेव्हा पुस्तकांचं विचारून मोकळा झालो. तुला वाटलं, दादाला एकदाचं शहाणपण सुचलं.

आज मी मावशींकडे पहिला भाग मागितला. त्यांनी तो हातात दिला आणि मास्तरने तोंड भिंतीकडे केलं. तुला हे कळावं म्हणूनच पत्र लिहितोय. ती नोकरी धर. आईला बरोबर ने, तळमजल्याचं घर बघ, तिच्या गुडघ्यांनाही बरं. खोली राखू नका. तिला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही. पहिला भाग तू म्हणतेस तसा पांचटच आहे, पण मी तिसऱ्यावर उडी मारत नाही. मला आता कसलीच घाई नाही. तू मात्र घाई कर.

तुझाच,
दादा