मसाकाच्या सिंहाचं रँकिंग

३ जून, शनिवार
ख्रिस्ती शहीद दिनाची सुट्टी. अर्धं मसाका शहर नमुगोंगोच्या यात्रेला गेलंय. मी घरी. खेळाडूला सुट्टी नसते.

नबोसाने शिलाई मशीनवरून मान वर न करता अट घातली. "लुब्वामा, तुला नोकरी सोडून गेम खेळणारा व्हायचंय ना? मग या महिन्यात सेकित्तोच्या व्हिडिओ हॉलमध्ये जी फुटबॉल-गेमची स्पर्धा आहे, तिची पहिली फेरी तरी जिंक. जिंकलास तर राजीनामा मी स्वतः टाइप करून देते. हरलास तर तो गेमचा डबा या घरातून जाईल आणि तू पाणी खात्याच्या सुपरवायझरच्या परीक्षेला बसशील."

लगेच हो म्हटलं. नुसती पहिली फेरी! बायको असूनही तिला माझी कल्पना नाही.

निश्चय: रोज सराव. शिवाय प्रत्येक गेमबद्दलचं मत इथे लिहून ठेवणे. पुढेमागे पुस्तक होईल.

४ जून, रविवार
मत: फुटबॉलचा गेम. दिसायला देखणा, मनाने दुष्ट. पास म्हटलं की माझे खेळाडू शूट करतात, शूट म्हटलं की पडतात. समोरच्याचे मात्र सगळं ऐकतात. दहापैकी चार.

ऑनलाइन माझं नाव 'मसाकाचा सिंह'. आमच्या कुळाचं चिन्ह नाकतोडा, पण नाकतोड्याला कोण घाबरणार? रँकिंग: जिल्ह्यात सगळ्यात खाली. म्हणजे पाया भक्कम. इथून कुठेही गेलं तरी वरच.

७ जून, बुधवार
मत: शेतीचा गेम. (ऑफिसच्या कॉम्प्युटरवर.) गहू आहे, मका आहे, केळी नाहीत. केळीशिवाय शेती! शेजाऱ्याची शेळी आत शिरत नाही, भाऊबंद बांध सरकवत नाहीत, पीक आल्यावर एकही नातेवाईक उगवत नाही. गेम बनवणाऱ्याने शेत पाहिलेलं नाही. दहापैकी दोन. आणखीही लिहिलं असतं, पण साहेब मागे येऊन उभे राहिले.

९ जून, शुक्रवार
सासूबाई आल्या, क्योतेराहून, गुडघ्याच्या उपचाराला. आमच्याकडे अर्थातच राहणार नाहीत. जावयाच्या घरात सासू झोपत नाही, एकमेकांच्या हाताला हात लागू देत नाहीत. लागला तर ओबुकोची बाधा होते, हात थरथरायला लागतात. शेजारच्या नकावेसीकडे उतरल्यात. मी ऑफिसला गेलो की लेकीकडे येऊन बसणार, मी परतायच्या आत जाणार. उत्तम. बाई मुलींच्या शाळेत नेटबॉलच्या कोच होत्या. अजून शिटी वाजवल्यासारखं बोलतात.

११ जून, रविवार
सराव चालू असताना त्या मागच्या अंगणातून आल्या. दाराला पडदा, त्या पलीकडे, मी अलीकडे. पडदा जाळीचा आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पडद्यामागून आवाज: "नबोसा, जावईबापूंना सांग, डावीकडे एक पोरगा मघापासून एकटाच उभा आहे. त्याला बॉल द्या, नाहीतर घरी तरी पाठवा."

मी म्हटलं, "आईंना सांग, ही स्ट्रॅटेजी आहे."

"दिसतंय ते. पण कुणाची?"

नबोसा सुई शोधायच्या निमित्ताने आत गेली. हसत होती. नेटबॉल वेगळा, फुटबॉल वेगळा, आणि फुटबॉलचा गेम तर त्याहून वेगळा. बायकांना कोण समजावणार? ती मॅच हरलो. दडपणाखाली होतो.

१४ जून, बुधवार
चमत्कार! घरी येऊन गेम लावला तर रँकिंग धडाधड वर. कंपनीने हिशेबातली चूक उशिरा का होईना सुधारलेली दिसते. कंट्रोलर कोमट लागला. कोरडा ऋतू सुरू झाला.

१६ जून, शुक्रवार
मत: झोम्बींचा गेम. बंदूक देतात, गोळ्या मोजक्या. बाहेर झोम्बी आहेत हे ऐकू येत असताना दार उघडायचं कशाला? मी नाही उघडलं. तासभर आत सुरक्षित होतो. हा गेम शहाणपणाला काडीची किंमत देत नाही. दहापैकी तीन.

रँकिंग आणखी वर.

१८ जून, रविवार
जिल्ह्यात पहिल्या दहात! कोडं उलगडलं. माझा खेळ मुरतो, केळ्याच्या दारूसारखा. संध्याकाळी मी हरतो, तो दुसऱ्या दिवशी दिवसभर मुरतो आणि मी परत येईपर्यंत रँकिंग वाढलेलं असतं. म्हणजे मी खेळलो की उतरतं, नाही खेळलो की चढतं.

निश्चय: सराव बंद.

नबोसाला सिद्धांत सांगितला. तिने बराच वेळ तोंडात टाचण्या धरून ठेवल्या.

२१ जून, बुधवार
साहेबांना सूचना दिली की शनिवारच्या स्पर्धेनंतर मी बहुधा दिसणार नाही. ते म्हणाले, "मग परीक्षेच्या यादीतलं नाव काढू का?" म्हटलं, घाई नको. त्यांनाही धक्का पचवायला वेळ मिळायला हवा.

२४ जून, शनिवार, संध्याकाळ
हरलो. पहिली फेरी. मुकीबी खाटकाकडून, सात-शून्य.

वस्तुस्थिती नोंदवतो. रँकिंगमुळे हॉल गच्च भरला होता. सेकित्तोने माइकवरून "आपला सिंह!" असं ओरडून माझी ओळख करून दिली. मुकीबीने फोन खांद्यात धरला होता आणि अर्धा वेळ बकऱ्याच्या ऑर्डरी घेत होता. म्हणजे त्याचं खेळाकडे लक्षच नव्हतं, अशा माणसाशी लयीत खेळता येत नाही. सातातला एक गोल मीच मारला होता, तेव्हा अगदीच एकतर्फी म्हणता येणार नाही. हात थरथरत होते.

नबोसाला म्हटलं, रँकिंग खोटं कसं असेल? ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "अरे, तू ऑफिसला गेलास की आई खेळते. तुला काय वाटलं, ती दिवसभर इथे गुडघा शेकत बसते?"

जेवलो नाही.

२५ जून, रविवार
जेवताना सुचलं. ओबुको! त्यांचा हात कंट्रोलरला, तोच कंट्रोलर माझ्या हातात. म्हणजे हाताला हातच. म्हणून थरथर, म्हणून सात-शून्य. मी हरलोच नाही, मला बाधा झाली.

तडक सेकित्तोकडे गेलो. निकाल रद्द करा, सामना पुन्हा खेळवा. तो म्हणाला, "दादा, मग सासूबाईंनाच पाठवायचं ना!" हॉल हसला. मी हललो नाही. शेवटी तो म्हणाला, "कुळातल्या वडीलधाऱ्याला आणा. ते बाधा म्हणाले तर मी सामना पुन्हा लावतो."

वाचलो. थोरल्या काकांना फोन केला.

२८ जून, बुधवार
थोरले काका गावाहून आले. सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. हात कसे थरथरले तेही करून दाखवलं.

काका म्हणाले, "ही बाधाच."

मी नबोसाकडे विजयी नजर टाकली.

काका पुढे म्हणाले, "मग ती वस्तू एक दिवससुद्धा या घरात ठेवू नकोस. ज्यांच्या हातून बाधा आली त्यांनाच देऊन टाक. आणि तू असल्या वस्तूला पुन्हा शिवायचं नाही."

म्हटलं, काका, नवा कंट्रोलर आणतो.

"बाधा कंट्रोलरला नसते रे, नात्याला असते."

आणि सामना?

"थरथरत्या हातांनी कसला सामना? सेकित्तोला मी सांगतो."

नबोसाने गेमच्या डब्यासाठी पिशवी काढली. जाड कापडाची, आतून अस्तर, चेन लावलेली, कंट्रोलरला वेगळा कप्पा. अशी पिशवी अर्ध्या तासात शिवून होत नाही.

२ जुलै, रविवार
सासूबाई गेल्या. गुडघा बरा आहे म्हणे. मी रिवाजाप्रमाणे लांब, चपात्यांच्या टपरीपाशी उभा. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती. गाडीच्या खिडकीतून लेकीला, मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावईबापूंना सांग, जीव लावून सांभाळीन. नावसुद्धा बदलणार नाही. सिंहच राहू दे."

टीव्हीखालची जागा रिकामी आहे. नबोसाने तिथे इस्त्री ठेवली.

८ जुलै, शनिवार
मत: पाणी खात्याची नियमावली. चित्रं नाहीत, आवाज नाही, पहिल्या पानाच्या पुढे जाता येत नाही. दहापैकी एक.

१२ जुलै, बुधवार
मसाकाचा सिंह जिल्ह्यात पहिला. ऑफिसात टाळ्या. साहेब म्हणाले, "परीक्षा तोंडावर असताना एवढं कसं जमतं हो तुम्हाला?" मी म्हटलं, वेळेचं नियोजन. मुकीबी खाटीक रस्त्यात भेटला, त्याने वाकून नमस्कार केला. मीही मान हलवली. दुसरं काय करणार?

१५ जुलै, शनिवार
परीक्षा झाली. गळतीवर पाच प्रश्न होते, मी व्हॉल्व्ह वाचून गेलो होतो.

संध्याकाळी क्योतेराहून फोन. सासूबाई जावयाशी थेट बोलत नाहीत, म्हणून नबोसा मधे. ऐकता ऐकता ती अवघडली. म्हणाली, "आईला काहीतरी विचारायचंय. तू रागावू नकोस."

म्हटलं, विचार.

"त्या नावावर अगदी सुरुवातीच्या मॅचेस आहेत ना, हरलेल्या... तिच्यासमोर खेळणारे लोक त्या उघडून बघतात आणि हसतात. तिला लाज वाटते. त्या पुसता येतात का?"

येतात. मी सांगत गेलो, नबोसा फोनवर सांगत गेली. सेटिंगमध्ये जायचं. सगळ्यात खाली. जुने सामने. सगळे निवडायचे. मग मशीन विचारतं, नक्की पुसायचे का?

पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणू?"

मी म्हटलं, हो म्हणा.