अडवलेली एकतीस पत्रं

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंस का? किती वर्षांनी हातात पेन धरलंय, अगदी कोंबडीचे पाय झालेत. मेलच करणार होतो, पण त्या मेलवर माझा विश्वास उरलेला नाही. पत्र फाडू नकोस, निदान शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं सांगतो, कारण सगळं त्यातूनच निघालं. आमच्या कचेरीत इतकी वर्षं एकच जुना सर्व्हर दोन कामं करत होता. एक डोमेन कंट्रोलरचं, म्हणजे आपलं कोण, परकं कोण, कुणाला कुठवर आत सोडायचं याची यादी सांभाळायची. दुसरं मेलचं. पहारेकऱ्यालाच पोस्टमन केला होता म्हण ना. कुणी केला? मीच. तेव्हा ती हुशारी वाटली होती. पुढे तो सर्व्हर जरा कुरकुरला की दोन्ही कामं आडवी व्हायची. या महिन्यात अखेर दोन नवे डोमेन कंट्रोलर उभे केले, यादी त्यांच्याकडे उतरवली, मेलसाठी वेगळा सर्व्हर आणला. जुन्यावरची मेल आधी हलवल्याशिवाय त्याचं पहारेकरीपण काढता येत नाही, म्हणून काल, रविवारी, कचेरी रिकामी असताना तेच करत बसलो होतो. तू मला लहानपणी हवालदार म्हणायचीस. दाराआड उभा राहून मी येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचो, बाबांनासुद्धा सोडायचो नाही. पुढे त्याच कामाचा पगार मिळायला लागला, बघ.

ठरलेलं लग्न मोडून तू परगावच्या इस्पितळात परिचारिका म्हणून गेलीस आणि घरात तुझं नाव काढायचं नाही असं बाबांनी फर्मान काढलं, तेव्हापासून तू इस्पितळाच्या मेलवरून माझ्या कचेरीच्या मेलवर लिहायचीस. मी ते छापून खिशातून घरी आणायचो आणि आई ते कागद फडताळातल्या चादरींच्या घडीत ठेवायची. बाबांना ठाऊक असावं, असं आता वाटतं. त्या फडताळाला ते कधी हात लावत नसत. चादर हवी असली तरी आईला हाक मारायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी दुपारी तुमच्या इस्पितळातल्या कुठल्यातरी बिघडलेल्या संगणकावरून आमच्याकडे कचरा मेलचा लोंढा सुरू झाला. तासाभरात चारशे. मी वैतागून नियम घातला, की त्या इस्पितळाकडून येणारं काहीही आत सोडायचं नाही, बाजूला अडवून ठेवायचं. आठवड्याने काढणार होतो. सर्व्हरला हात लावला की खोलीत दोरीला बांधलेल्या वहीत लिहायचं, हा आमच्याकडे माझाच दंडक. जो लिहीत नाही त्याला मी सगळ्यांसमोर झापतो. त्या दुपारी वही उघडली आणि आईचा फोन आला, बाबा कोसळले म्हणून. वही तशीच टाकून पळालो; नियमाची नोंद राहिली आणि पुढे तो काढायचाही राहिला. संध्याकाळी दवाखान्यातून तुला मेल केली, बाबांचं काही खरं नाही, लगेच ये. कुठला दवाखाना ते लिहायचं राहिलं. माझा नवा नंबर आणि आमच्या नव्या घराचा पत्ताही राहिला.

काल नियम तपासताना तो सापडला. कधी घातला, कुणी घातला, सगळं सर्व्हरने नोंदून ठेवलेलं. अडवलेल्या ढिगातला कचरा बाजूला केला आणि खाली तुझी एकतीस पत्रं निघाली. मी खुर्चीतच होतो, तरी बसायला जागा शोधत होतो. पहिलं त्याच संध्याकाळचं, कुठला दवाखाना विचारणारं. दुसऱ्यात, निघाले आहे. तिसऱ्यात, जुन्या घराला कुलूप आहे, नवी जागा शेजाऱ्यांना ठाऊक नाही, तुझी कचेरी बंद आहे, मी समोरच्या बाकावर बसले आहे. ताई, तू आली होतीस. दोन दिवस तू याच शहरात होतीस, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर मामांना सांगत होतो की तिला कुणाचं काय पडलंय. बाबा गेल्यावर मी तुला मेल केली, आमच्या लेखी तू नाहीस. ती मात्र बिनचूक पोचली, कारण जाणाऱ्या मेलला कुणी अडवत नव्हतं. आणि तरी तू लिहीत राहिलीस. शेवटच्यात तुझ्या नव्या घराचा पत्ता आहे, दुसरा मजला, आणि आईच्या गुडघ्यांसाठी व्यायाम.

काल संध्याकाळी ते सगळे कागद आईपुढे ठेवले. तिने चष्मा लावून एकतीसच्या एकतीस वाचले, घडी घातली आणि पिशवीत कपडे भरायला घेतले.

इथवरचं सगळं सर्व्हरच्या आणि त्या वहीच्या माथी मारता येतं. मला लिहायचंय ते याच्या पुढचं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी दवाखान्यात बाबांनी मला जवळ बोलावून तुला कळवलं का म्हणून विचारलं. तुझं नाव घेऊन विचारलं. तुझं उत्तर आलेलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पण डोक्यात राख घालून बसलो होतो. म्हणालो, कळवलं, ती येत नाही म्हणाली. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रं सर्व्हरने अडवली, पण तुझ्या वतीने नाही म्हणालो तो मी. हे आईलाही सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतोय. हे पत्र तिच्याच हाती देतोय, म्हणजे तुझ्या दारात आत्ता ती उभी आहे. तिला आत घे, दोन जिने चढून तिचे गुडघे भरून आले असतील. मी खाली फाटकापाशी थांबलोय. वर येऊ की नको ते खिडकीतून सांग. नाव विचारलंस तरी चालेल.

तुझाच,
हवालदार