ठकूची खडीची बाग

२ मार्च
शेजारच्या वहिनी आज पुन्हा फाटकापाशी थांबल्या. खडीकडे, घायपाताकडे बघत म्हणाल्या, "देखणं झालंय हो! आणि पाणी खरंच लागत नाही?" मग एकदम पदर सावरून निघाल्या. ठकू गेली हे लोकांना मध्येच आठवतं.

मलाही.

लॉन उपटून ही कोरडी बाग तिने केली. तिचा धंदाच तो. गल्लीतल्या बऱ्याच घरांना करून दिली. आमच्या घरासाठी मात्र बापाशी भांडावं लागलं. "दगड पसरून घराचं स्मशान करतेस," हे म्हणाले. "बाबा, तुमची हिरवळ दारुडी आहे. कितीही पाजा, पुन्हा मागते." शेवटी तह झाला – पुढचं अंगण लेकीचं, मागची हिरवळ बापाची.

रोपं लावून झाली आणि ती आजारी पडली.

९ मार्च
कोरफड सुरकुतली आहे. ठकूने बजावलं होतं – "पहिल्या उन्हाळ्यात तहानलेली दिसतील. त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, आई. मुळं खोल जाऊ देत."

नाही घातलं.

१० मार्च
तांब्याभर घातलं. एकदाच.

१७ मार्च
रोज घालते. हे फिरायला गेले की. यांना सांगायची सोय नाही. हल्ली आमचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दिवा घालव".

हे फिरून येतात ते चप्पल ओली करून. दव असेल.

२६ मार्च
कोरफडीची पानं खालून पिवळी, पिळपिळीत. पाणी कमी पडतंय. माळ्यावरून झारी काढली.

४ एप्रिल
नर्सरीवाल्याला बोलावलं. ठकू रोपं त्याच्याकडूनच घ्यायची. तो तिला "मास्तरीणबाई" म्हणे. त्याने घायपात नुसता धरला तर हातातच आला. खाली मूळ नाही, काळा लगदा. वास.

"ताई, हे पाण्याने मेलंय."

"मी थोडंसंच –"

"थोड्याने एवढं होत नाही. खडीखाली चिखल आहे. कुणीतरी तळं केलंय."

हे दारात उभे होते. आत गेले.

५ एप्रिल
उजाडताना जाग आली. शेजारी अंथरूण रिकामं. पुढच्या दाराची कडी काढलेली.

हे अंगणात उकिडवे बसलेले. मागच्या नळाची रबरी नळी घराला वळसा घालून ओढत आणलेली. मेलेल्या घायपाताच्या खड्ड्यापाशी धरली होती. धार अगदी बारीक.

"पी," म्हणत होते. "पी गं बाळा. कोणी रागावणार नाही."

मी पडदा सोडला. चहा टाकला. दोन कप.

६ एप्रिल
दुपारी मागे गेले. हिरवळ वाळून तरटासारखी झाली आहे. पायाखाली करकरते. केव्हापासून, कोण जाणे. जिच्यासाठी लेकीशी भांडले, तिचं सगळं पाणी पुढे जात होतं.

८ एप्रिल
नर्सरीवाला पुन्हा आला. तीन रोपं वाचतील म्हणाला. कुजकं कापून ती मागे, वाळलेल्या हिरवळीच्या जागी लावली. तिथली माती कोरडी आहे. खड्डे यांनी खणले. हिरवळीच्या मधोमध.

"आता पंधरा दिवस पाणी नाही," तो म्हणाला.

"थोडंसं? संध्याकाळी?" यांनी विचारलं.

"थेंबही नाही, साहेब. दिलंत तर जातील."

हे पायरीवर बसले. नळी हातातच. मी बोटं एकेक करून सोडवली. नर्सरीवाला भलतीकडेच बघत राहिला.

९ एप्रिल
शेवटचे दोन दिवस ठकू पाणी मागत होती. डॉक्टर म्हणाले होते, थेंबही नाही. आम्ही दिलं नाही.