ताईचा स्कर्ट आणि माझी कंबर

सोमवार, ३. सकाळी ११.
आजपासून रोज लिहायचं. डायरी मेडिकलवाल्याने फुकट दिली. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. चालेल.

मुख्य बातमी: ताईने मला काम दिलं. लायब्ररीत शिडीवरून पडल्यापासून तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, आणि तेरा तारखेला इंटरव्ह्यू. अकरा वर्षं पुस्तकं लावल्यावर आता कुठे मुख्य ग्रंथपाल व्हायचा चान्स. पण प्लास्टरवरून पँट चढत नाही आणि लांब काही घातलं तर कुबडीत अडकतं. घरात ती भाऊजींची हाफ पँट घालते, तशी इंटरव्ह्यूला कशी जाणार. म्हणून स्कर्ट. गडद निळा, गुडघ्याखाली चार बोटं. भाऊजी बोटीवर नोकरीला आहेत, पुढच्या महिन्यात येतील; तोवर ताईकडे मुक्कामाला मी. म्हणजे आणायचा मी.

माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. ताईची आणि माझी उंची सारखी, कंबर सारखी. शाळेत मी तिचेच स्वेटर घालायचो. एकावर ससा होता. तेव्हा मी घालून बघायचा, मला बसला की तिला बसला. ताईने विचारलं, जमेल ना. म्हटलं, तासाभराचं काम.

फोटोग्राफरचा विषय तिने काढला नाही. (तिच्या लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरला आणायला मी गेलो होतो. वाटेत गप्पा रंगल्या आणि आम्ही दोघं भलत्याच लग्नात पोचलो. जेवण चांगलं होतं. ताईच्या लग्नाचा एकही फोटो नाही.) त्यानंतर तिने मला काहीच आणायला सांगितलं नव्हतं. पावसुद्धा नाही. आज सांगितलं. या वेळी नाकासमोर सरळ जायचं आणि सरळ यायचं.

संध्याकाळी ६.
दुकान चार मजली. सरकता जिना आहे. खाली येणाऱ्या जिन्याने वर जाता येतं का ते पाहिलं. येतं, पण दम लागतो.

लेडीज ट्रायल रूमच्या दारात स्टुलावर एक काकू. कपडे मोजून नंबराचं टोकन देतात. एका वेळी तीन कपडे, जास्त नाही. मला म्हणाल्या, जेंट्स वरच्या मजल्यावर. मी सगळं समजावलं. म्हणाल्या, सगळे असंच सांगतात. मग ताईच्या पायाचा फोटो दाखवला. तो त्यांनी बराच वेळ बघितला, कुठलं हाड ते विचारलं, स्वतःचं मनगट दाखवलं. शेवटी म्हणाल्या, उघडायच्या वेळेला या, गिऱ्हाईक नसतं. टोकाची खोली. तिची कडी तुटली आहे, दार पायाने धरा.

प्रत्यक्ष स्कर्ट घातला नाही. पण पाया घातला.

मंगळवार, ४.
पहिला स्कर्ट. दहा वाजून दहा मिनिटं. चेन पोटावर आली. बाहेरून काकू म्हणाल्या, फार आवाज येतोय, चेन मागे घ्या. म्हटलं, माहीत आहे, मी टेस्ट करत होतो.

आरशात फोटो काढून ताईला पाठवला. गळ्यापासून खाली. पुढे मोठा माणूस झालो तर असले फोटो बाहेर निघतात, म्हणून डोकं घेतलं नाही. ताईचं उत्तर: छान, पण घाई नको, आणखी बघ.

हा खरा विश्वास.

बुधवार, ५. रात्री.
भयंकर शोध. स्कर्टला खिसे नसतात. सात स्कर्ट उलटे करून पाहिले. काकूंना विचारलं, बायका किल्ल्या कुठे ठेवतात. म्हणाल्या, पर्समध्ये, नाहीतर हातात, नाहीतर नवऱ्याकडे, तो हरवतो. यात फार मोठा बिझनेस आहे. खिसेवाले स्कर्ट. टोकनाच्या मागे डिझाईन काढलं. काकूंनी टोकन परत मागितलं.

दुपारी जेवायला घरी आलो तर ताईने विचारलं, इतक्यात आलास. एक पार्सल आलं, मीच सही केली. लायब्ररीची पुस्तकं असणार. उशाला घेऊन तासभर झोपलो. हल्ली पुस्तकं फार मऊ काढतात. ताईने कुबडीने ढोसून उठवलं आणि पार्सल ओढून घेतलं. चेहरा बघण्यासारखा. अभ्यासाचं टेन्शन.

शुक्रवार, ७.
काल लिहिलं नाही, पेन दुकानात राहिलं.

आज चुण्यांचा स्कर्ट. गोल फिरलं की छत्रीसारखा उघडतो. एकदा फिरलो, खात्री करायला पुन्हा, तिसऱ्यांदा दारावर आपटलो. कडी तुटकी असल्याने थेट बाहेर. समोर एक आजी. त्या अजिबात दचकल्या नाहीत. विचारलं, ह्यात माझ्या मापाचा मिळेल का. शोधून दिला, एक त्यांच्या सुनेसाठीही दिला. काकू म्हणाल्या, मॅनेजरने विचारलं, हा नवा सेल्समन कोण.

ताईला वाटतं मॅचिंग ब्लाउजही बघावेत. आणि ते दुपारच्या उजेडातच बघावेत, पाचपर्यंत. तिला रंगातलं एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं.

रविवार, ९.
ब्लाउज तीन घातले. बटणं उलट्या बाजूला असतात. यामागे कोणाचा तरी कट आहे, नंतर शोध घेईन.

पण आजचा दिवस ऐतिहासिक. सापडला. गडद निळा, सरळ, अंगाला घट्ट, गुडघ्याखाली मोजून चार बोटं. शिवाय खिसा. एकच आहे आणि त्यात नाणंही मावत नाही, पण खिसा तो खिसा. माझ्यावर तर शिवल्यासारखा बसला. चालून पाहिलं. पावलं छोटी पडतात, त्यामुळे माणूस आपोआप सभ्य दिसतो. इंटरव्ह्यूला हेच पाहिजे.

काकूंनी विचारलं, ह्यात ताईंचं प्लास्टर जाईल का. म्हटलं, काकू, कंबर जुळली की झालं, पायाचं काय, पाय सगळ्यांचे सारखेच. काकू टोकनं मोजायला लागल्या. पटलं असावं.

लगेच घेतला नाही. घाई नको असं ताईच म्हणाली आहे.

मंगळवार, ११.
गेला. कोणीतरी नेला. मी एका पुतळ्याला कपडे चढवायला मदत करत होतो (पुतळ्याचे हात आधी काढावे लागतात, हे फार कमी लोकांना माहीत आहे) तेवढ्यात नेला. काकूंनी चौकशी केली. त्याच मापाचा गुरुवारी सकाळी येईल.

म्हणजे गुरुवारी दहाला दुकान, पावणेअकराला घर, साडेअकराला ताईचा इंटरव्ह्यू. आरामात. ताईला घाबरत सांगितलं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, चालेल. कपाळावर एक आठी नाही. माणसाने माणसावर विश्वास ठेवावा तर असा. मला जरा भरूनच आलं. तिला ते सांगायला तीनदा खोलीत गेलो. तिसऱ्यांदा तिने आतून कडी लावली.

गुरुवार, १३. सकाळी ६.
गजर नसताना उठलो. दाढी केली. संकल्प: जिना नाही. पुतळा नाही. आजी भेटल्या तर नमस्कार करून पुढे.

सकाळी १०.२०.
स्कर्ट हातात. घालून पाहिला, तोच. वेळ वाचवायला लेबलं तिथेच कातरून टाकली. पुतळ्याचा हात निखळला आहे. फक्त दोन मिनिटं.

दुपारी १.
घराच्या दाराशी पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं. ताई टॅक्सीत बसत होती. अंगावर स्कर्ट. गडद निळा, घेरदार, गुडघ्याखाली चार बोटं, कडक इस्त्रीचा. प्लास्टर आत आरामात.

मी माझी पिशवी पुढे केली. ती म्हणाली, अरे, हा मी मोबाईलवरून मागवला, तू सोमवारी जिना उतरत होतास तेव्हाच. बुधवारी आला. तू त्यावर झोपलास. इस्त्री करायला अर्धा तास गेला, तोही बसून.

विचारलं, मग मी दहा दिवस काय करत होतो. म्हणाली, बाहेर होतास. तू घरात असलास की दर पाच मिनिटांनी दार उघडून विचारतोस, काय वाचतेस. मला अभ्यास करायचा होता रे.

टॅक्सीवाला म्हणाला, मॅडम, निघायचं का.

ती गेली. डाव्या पायाला उशी बांधून मी माझा स्कर्ट चढवून पाहिला. पोटरीवरच अडकला. काकूंनी विचारलं होतं.

अभ्यासाला लागणारी शांतता मीच पुरवली, असंही म्हणता येईल. मोठ्याने म्हणून पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं.

शुक्रवार, १४.
ताईची निवड झाली. फोन तिच्या आधी मी उचलला, म्हणून पहिल्यांदा मलाच कळलं.

स्कर्ट परत करायला गेलो. लेबल नाही, परत घेत नाहीत. काकूंना सगळं सांगितलं. ताईंना नोकरी लागली ना, म्हणाल्या, मग झालं. आणि तुम्हाला तर छान बसतो. टोकाच्या खोलीला नवी कडी लावली आहे. आता आत जायचं काही कारण नव्हतं.

उद्या निघावं म्हणतो. कुठे ते वाटेत ठरेल.

शनिवार, १५.
निघालो नाही. जायचं म्हणून दोन्ही पँटी भिजवल्या आणि वाळत घालायला विसरलो. स्कर्ट घालून चहा केला. खिडकीतून वारा आला, बरं वाटलं.

ताई नेमणुकीचं पत्र घेऊन लायब्ररीतून परतली आणि दारातच थांबली. विचारलं, कसं वाटतंय. म्हटलं, हवेशीर आहे, पण बसताना गुडघे जुळवून बसावं लागतं. ती हसायला लागली. हसता हसता कुबडी पडली, मी उचलायला वाकलो तर मागची शिवण टरकली, मग तिला भिंतीला धरून खाली बसावं लागलं. दहा दिवसांत ती एवढी हसलेली नव्हती.

मग पर्समधून एक कागद काढून तिने फ्रिजवर चिकटवला. लायब्ररीच्या प्रिंटरवर काढलेला माझा फोटो, चार तारखेचा, पहिल्या स्कर्टमधला. म्हणाली, घरात माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही, निदान हा तरी असू दे.

म्हटलं, अगं, त्यात डोकं नाही.

म्हणाली, म्हणूनच तर लगेच ओळखू येतोस.