ओखो सेकोच्या नावाचा दगड

प्रिय एलोइसा आत्या,

फाउस्टीनोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं डॉक्टर सांगतात आणि तू रोज चढतेस, हे अल्बुकर्कीहून येणारा प्रत्येक जण मला सांगतो. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत. मिरची लावली आहे, पाणी नाही.

आत्या, आपल्या ओखो सेकोचं नाव आकाशात जाणार. गावचं पोस्ट बंद झालं, नव्या नकाशातून गाव गळलं, तेव्हा तू रडली होतीस, म्हणून बातमी आधी तुला. डोंगरावरच्या दुर्बिणीच्या घुमटाची चाकं मी सांभाळतो (वंगण घालतो, दुसरं काही नाही, पण घुमट अडला की आकाशही अडतं). तिथल्या वेराबाईंना गेल्या वर्षी एक लघुग्रह सापडला. आपल्या चर्चएवढा दगड. पृथ्वीसारखाच सूर्याभोवती फिरतो, पण त्याची वाट लांबट, त्यामुळे अधूनमधून आपल्या दाराशी येतो आणि न बसताच निघून जातो (तुझ्या धाकट्या चिरंजीवांसारखा). नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, पण कक्षा पक्की झाल्याशिवाय नाव देत नाहीत. बाई म्हणाल्या, "फाउस्टीनो, मेच्या मध्यावर, शुक्रवार पहाटेपर्यंत, आकाश मोकळं राहून तो परत दिसला तर नाव तुमच्या गावाचं. नाही दिसला तर हरवला समजा."

नेमका त्याच आठवड्यात आपल्या शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा सण, आणि यंदा मूर्तीचा मानकरी मी. संतांना खांद्यावर घेऊन वाळलेल्या शेतांतून फिरवलं, सगळ्यांबरोबर मोठ्याने पाऊस मागितला, आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हटलं, शुक्रवारनंतर. (खोटं बोललो नाही. फक्त दिवस सुचवला.)

संतांनी ऐकलं. ढगाचा तुकडा दिसेना. बुधवारी म्हातारा नेस्तोर मूर्तीसमोर जाऊन उभा राहिला. "मेणबत्त्या घेताना दिसतं सगळं, पाणी मागितलं की बहिरा होतोस काय रे?" आणि जुन्या रीतीप्रमाणे त्याने संतांचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला म्हणाला, "मानकरी, तू कशाला घाम पुसतोस? शिक्षा त्याला आहे."

पण गुरुवारी पहाटे दगड दिसला, गणिताने सांगितलं होतं तिथेच. बाईंनी पडद्यावर दाखवला, मिठाच्या कणाएवढा ठिपका. मी टोपी काढली. उद्या घरं मातीत गेली, शेवटचा माणूसही शहरात गेला, तरी ओखो सेको सूर्याभोवती फिरत राहील, आणि कुठे शोधायचं ते लोकांना ठाऊक असेल.

तुझा,
फाउस्टीनो

ता. क. शुक्रवार दुपारपासून पाऊस कोसळतोय. शिक्षेशिवाय संत वळणावर येत नाहीत, असं नेस्तोर गावभर सांगतोय. मी मूर्ती सरळ केली. संतांसाठी तुझ्या हातचा नवा झगा हवा. का ते विचारू नकोस.

आणखी ता. क. वेराबाईंचा दुसरा एक दगड परत यायचा आहे. पहिल्याहून लहान, पण कक्षा फार देखणी म्हणतात. त्याला 'एलोइसा' नाव शोभेल, असं मी बोलून बसलोय. त्यासाठी पुढच्या रविवारी आकाश मोकळं हवं. संतांना पुन्हा सांगायला मला तोंड नाही. तू जन्मभर त्यांचे कपडे शिवलेस, तुझं ऐकतील. तेव्हा झगा पाठवू नकोस, तूच घेऊन ये, आणि अंगावर चढवताना कानाशी एवढं सांग. नेस्तोर जवळ नाही ना, ते आधी बघ.